मलमाची डबी

छापखान्याच्या उंच खिडकीतून ऊन आत येत होते, पण घाईने नाही. आधी ते छताच्या तुळईवर रेंगाळले, मग भिंतीवरून सावकाश खाली उतरले, कागदाच्या गठ्ठ्यांवर घटकाभर विसावले आणि अखेर कोपऱ्यात वेटोळे करून ठेवलेल्या जाड दोरावर येऊन थांबले. दोराचे सुटे तंतू उन्हात चमकू लागले. मुद्रितशोधकाने नजर वळवली.

काल रस्सीखेचीचा अंतिम सामना हरून छापखान्याचा संघ परतला होता. आता बाकावर सगळे ओळीने हात पसरून बसले होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खुंट्याने सर्वांच्या तळव्यांना मलम लावायचे, ही त्यांची रीत. दोराचे टोक अंगाभोवती घेऊन सगळ्यांत मागे उभा राहणारा हा यंत्रचालक आजवर जागचा हलला नव्हता, म्हणून तो खुंटा.

"तुम्ही शेवटपर्यंत जीव लावून ओढलंत," डबी उघडत तो म्हणाला. "पाय माझा सरकला. पुढच्या वेळी मागे दुसरा गडी बघा. मी आता बास."

"असं काय करतोस, खुंट्या..." एकजण म्हणाला.

"उपटला रे खुंटा!" तो हसला. दुसरे कोणी हसले नाही.

एकेक तळवा पुढे येत होता. कातडी सोललेली, फोड फुटलेले.

"हळू की! माझा हात आहे, यंत्र नाही," बांधणीवाला कळवळला आणि शेजारी वळला. "पंडित, तू मूठ उघड. सोनं लपवलंयस काय?"

मुद्रितशोधकाने मुठी उघडल्या. ऊन आता बाकापर्यंत पोचले होते. बोटावर शाईचा एक जुना डाग होता. बाकी साधा ओरखडाही नव्हता.

"अरे वा! हे तर नवऱ्या मुलाचे हात!"

खुंटा त्या तळव्यांकडे पाहत राहिला. मग त्याने डबीतले मलम बोटांवर घेतले आणि त्या अखंड कातडीवर, इतरांना लावले तितक्याच जपून, चोळले.

"झोंबतंय?"

"हो," मुद्रितशोधक म्हणाला.

खुंट्याने डबीचे झाकण लावले. सामन्यात कमरेला बांधायचा आपला रुंद चामडी पट्टा दोराच्या वेटोळ्यावर ठेवला आणि तो यंत्राकडे निघून गेला.

मुद्रितशोधक तळवे तसेच उन्हात धरून बसून राहिला. आधी खुंट्याचा पाय सरकला आणि मग दोर गेला, असे तो रात्रभर स्वतःला बजावत होता. तसे घडले नव्हते. पाय सरकण्याच्या कितीतरी आधी त्याने स्वतःच ओढणे सोडले होते. हात नुसते दोरावर होते.