पदरातली गोळी

थोरलीचं लग्न झालं त्या एकाहत्तर साली सहादेवाच्या छातीत पहिली कळ उठली. नगरच्या डॉक्टरांनी जिभेखाली धरायच्या गोळ्या दिल्या. रानात काचेची बाटली फुटेल म्हणून चांगुणा गोळ्या पदरात बांधून नवऱ्याच्या मागेमागे राही. कळ आली की गाठ सोडून स्वतः गोळी भरवी.

"वाटलं का बरं?"

"तुझ्या हातची गोळी. बरं न वाटून जातंय कुठं?"

कापडात गोळीचा गुण उडतो, हे डॉक्टरांनी सहादेवाला दुसऱ्याच खेपेला सांगितलं होतं. चांगुणेला ते कळलं असतं, तर मागच्या दुखण्याचा दोष तिने स्वतःला लावला असता. नवी बाटली त्याच्या बंडीच्या खिशात असे. ती गाठ सोडीपर्यंत त्यातली एक जिभेखाली गेलेली असे.

चौऱ्याहत्तरच्या पौषात वारली ती चांगुणा, तापाने.