योसेफाचे दोन बाप

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकाने पुस्तिका अडवली.

येशूच्या घराण्यावरची ती चाळीस पानी पुस्तिका चर्चला उद्या हवी होती. छपाई एकला सुरू व्हायची होती. सहाव्या पानावर योसेफाचा बाप याकोब होता. एकतिसाव्या पानावर एली. त्यांच्या मागची बरीचशी नावंही एकमेकांशी जुळत नव्हती.

"एका माणसाला दोन बाप?" तो म्हणाला.

"सही कर रे बाबा." मशीनमन दारातच उभा होता. पानाच्या कोपऱ्यात 'तपासलं. चूक नाही' असं लिहून सही झाल्याशिवाय या छापखान्यात एकही काम मशीनवर चढत नसे. "आणि योसेफ हा येशूचा खरा बाप नव्हताच म्हणतात ना? मग त्याच्या बापावरून कशाला डोकं पिकवतोस?"

"नव्हता तर वंशावळ त्याची का दिलीय?"

"घ्या! आता मलाही झोप यायची नाही."

मुद्रितशोधक हसला नाही. गेल्या महिन्यात एका कॅलेंडरातला एकतीस जून त्याच्या नजरेतून निसटला होता. मालक आवाज न चढवता म्हणाले होते, "आणखी एक चूक झाली की दुसरीकडे काम बघा." पाद्री प्रवासात होते, त्यांचा फोन लागत नव्हता.

तो दोन्ही पानं घेऊन काकांच्या टेबलाशी गेला. काका म्हणजे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि छापखान्यातले सर्वांत जुने मुद्रितशोधक. वडील गेले तेव्हा तो आईच्या पोटात होता, सात महिन्यांचा. घरात हेच सांगितलं जाई. काकांनी लग्न केलं नाही. त्याला लहानाचा मोठा केला, शुद्धलेखन शिकवलं, इथे चिकटवून दिलं.

काकांनी पानं शेजारी शेजारी ठेवली. "दोन्ही बरोबर."

"काका, चेष्टा नको. नोकरीचा प्रश्न आहे."

"एक यादी मत्तयाच्या शुभवर्तमानातली, दुसरी लूकच्या. काही जण असं धरतात, की याकोब आणि एली हे एकाच आईचे, पण वेगळ्या बापांचे भाऊ होते. एक मूलबाळ न होता गेला. दुसऱ्याने वहिनीला आधार दिला. मुलगा झाला. रक्ताने त्याचा, पण नाव लागलं गेलेल्या भावाचं."

"आणि योसेफाला हे ठाऊक होतं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "तसं कुठे लिहिलेलं नाही."

"म्हणजे मी काय करू? उद्या मालकांनी मानगूट धरली तर त्यांना ही गोष्ट सांगू?"

"जुनी आवृत्ती आपणच छापली होती. तेव्हाही असंच होतं. सही कर."

"बघून येतो खाली."

"कशाला? मी सांगतोय ना!"

"तुम्हीच शिकवलंत, काका. सांगितलेलं धरायचं नाही, छापलेलं बघायचं."

काकांनी दोन्ही पानं त्याच्या हातात परत दिली.

प्रत्येक कामाची सही झालेली प्रत तळघरात, सालवार गठ्ठ्यांत बांधून ठेवलेली असे. बाराला पाच कमी असताना त्याला चौतीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा सापडला. जुनी पुस्तिका त्यातच होती. पान सहा, याकोब. पान एकतीस, एली. कोपऱ्यात काकांची सही. त्याचा जीव भांड्यात पडला.

पुस्तिका ओढताना तिच्याखालून काळ्या चौकटीचं एक कार्ड घसरून पायाशी पडलं. वडिलांच्या निधनाचं. हे कार्ड त्याने कधीच पाहिलं नव्हतं. उभ्याउभ्याच, सवयीप्रमाणे, त्याने ते अक्षर न् अक्षर वाचलं. नाव बरोबर. पत्ता बरोबर. निधनाचं साल मात्र चुकलं होतं. त्याच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं पडलं होतं.

त्याने कानावरची पेन्सिल काढून सालाभोवती गोल केला. मग गठ्ठ्यावरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावरही तेच साल होतं.

कार्डाच्या कोपऱ्यात काकांचं अक्षर होतं. तपासलं. चूक नाही.