साच्याखालचा हात

सकाळी प्रेस मशीनने एका कामगाराची चार बोटं तोडली. दुपार झाली तरी कुणी मशीनजवळ फिरकेना, तेव्हा मॅनेजरने कारखान्यात दर आठवड्याला कामगारांच्या भेटीला येणाऱ्या चर्चच्या पाळकांना बोलावून घेतलं.

“पाळकसाहेब, दोन शब्द प्रार्थना करा, म्हणजे यांची भीती जाईल. नवा सेन्सर बसवलाय. आत हात असला की मशीन चालतच नाही.”

चाळीस जण पाळकांच्याच तोंडाकडे बघत होते. त्यांनी बाही वर सारली, हात मशीनच्या साच्याखाली ठेवला आणि डोळे मिटले.

“साहेब, दाबा बटण.”

मॅनेजरचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थिजलं.

“आधी हात काढा!” तो सगळ्यांदेखत ओरडला.

“आमेन,” पाळक म्हणाले.