कुशाबाईंनी घेतलेलं नाव

खट्, खट्, खट्.

डॉक्टरांनी तारेचं चपटं कडं कुशाबाईंच्या डोक्याशी धरलं होतं. प्रत्येक आवाजासरशी त्यांचा उजवा अंगठा उडत होता. बाई स्वतः शांत होत्या. अंगठा जणू दुसऱ्याच कुणाचा.

"दुखतं का तिला?" शेजारच्या खुर्चीतून सावळारामांनी विचारलं.

"नाही हो, आजोबा. नुसतं चुंबक आहे. कापणं नाही, टोचणं नाही. मेंदूचा झोपलेला भाग जागा करायचा."

"जागी झाली तर मला वळखंल?"

"बघू या."

अल्झायमरवरचा हा नवा प्रयोग होता. यंत्र पुण्याहून आळेफाट्याच्या दवाखान्यात आलं, तेव्हापासून सावळाराम आणि लेक वृषाली कुशाबाईंना बोरीहून रोज घेऊन येत होते.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. "आजी, मालकांचं नाव काय?"

हा प्रश्न आला की कुशाबाई खाली बघत, पदर ओठांशी नेत. डॉक्टर कागदावर शून्य मांडत. "आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असंल, तेवढंच," असं वृषालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टर हसले होते. प्रश्न छापील होता, तो तसाच राहिला.

आज कुशाबाईंनी मान वर केली.

"सावळाराम."

स्वच्छ, मोठ्यानं.

"वा, आजी!" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. वृषालीचे डोळे भरून आले. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"मशीन बंद करा."

"बंदच आहे, आजोबा. अहो, नाव आठवलं त्यांना!"

"नाव तिला ठावंच व्हतं," सावळाराम म्हणाले. "ती लाजायची. आज लाजली न्हाई."

कुशाबाई आता दाराकडे बघत होत्या.

"सावळाराम!" त्यांनी हाक मारली. थोडं थांबून पुन्हा, "सावळाराम!" लांब रानात गेलेल्या माणसाला बांधावरून मारावी, तशी.

सावळारामांनी खुर्ची पुढे ओढली. या तोंडून आपल्या नावाची हाक त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"ओ," ते हळूच म्हणाले. "हितंच हाय मी."

कुशाबाईंनी दारावरची नजर न काढता हात वर केला.

"तुमी जरा गप बसा, पावणं. त्यांची ओ ऐकू येऊ द्या."