बांगडीतली पिन

"माहेरातूनच रोग घेऊन आली अन् आमाले फसोलं!" अकोल्याच्या दवाखान्यात भरल्या वॉर्डात सासू कडाडली. महिनाभराच्या तापाने फणफणलेल्या आचलला दर्यापूरहून आणलं होतं. डॉक्टर समजावत होते, "हृदयाची झडप जन्मापासून अधू होती, पण तोंडातले जंतू रक्तातून जाऊन तिच्यावर बसलेत. दीड महिना शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतील. हिरडीला काही टोचलं होतं का?" "काईच नाई," सासूने ठणकावलं. आचलला कापसाच्या वेचणीचे दिवस आठवले. हिरडीला गळू आलं तेव्हा "वेचणी सोडून दवाखाना कायले?" म्हणत सासूनेच बांगडीतली पिन पदराला पुसून ते फोडलं होतं. पायातला काटा, दातातली सुपारी, सगळ्याला तीच पिन. आचलने सलाईन लावलेला हात लांबवला, सासूच्या बांगडीतली पिन हिसकावून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. सासू खाटेशी उभ्या आपल्या मुलाकडे वळली, "पाह्यलं का रे? चोट्टी बी हाय!"