दुखण्याची वही

शिवणकाम करणाऱ्या सुनेला कात्री धरवेनाशी झाल्यापासूनचे हे सातवे डॉक्टर. आधीच्या सहांनी तिचं धड ऐकूनच घेतलं नव्हतं, म्हणून मास्तरीण सासूबाईंनी दोन महिने रोज विचारून विचारून तिचं दुखणं वहीत उतरवलं होतं, समास सोडून, वळणदार. डॉक्टरांनी दोन पानं उलटली. “वा! मोत्यासारखं अक्षर आहे हो. असं लिहिणाऱ्या बोटांना कसली धाड भरलीय?” “सासूबाईंनी लिहिलंय, डॉक्टर. मला पेनसुद्धा...” पण कागदावर ‘मानसिक ताण’ लिहून झालं होतं, आणि लिहिलेलं खोडायची डॉक्टरांना सवय नव्हती. पुढच्यासाठी घंटी वाजली. बाहेर सासूबाई बाकावरून लगबगीनं उठल्या. “वाचलं का गं सगळं?” खरं सांगायला तिची जीभ रेटेना. “अक्षराचं कौतुक केलं.” “आणि औषध?” “मन रमवा, म्हणाले.” सासूबाईंनी वहीवरून हात फिरवला. “असू दे. आठव्यांसाठी याहून सुवाच्य लिहिते.”