वेदनापट्टी

रक्त घ्यायला शिकणाऱ्या प्रत्येकाने मनगटाला वेदनापट्टी बांधायची, म्हणजे रुग्णाला टोचलेली सुई आपल्यालाही टोचते, असा नियम होता. सकाळपासून कळा सोसून वैतागलेल्या शर्वाणीने ती गुपचूप बंद केली.

समोर बसलेल्या तुळसाबाईंची शीर सापडेना. शर्वाणीने तीनदा सुई घातली, आत फिरवली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटी एकदाचं रक्त आलं.

कापूस दाबत ती म्हणाली, "आजी, फार सोसलंत हो."

"मी वरडले असते तर तू घाबरली असतीस, पोरी. तुलाबी तेवढंच दुखत हुतं की!"

दुसऱ्या हाताने तुळसाबाई तिचा दंड चोळू लागल्या. पट्टी बंद होती, हे सांगायचं धाडस शर्वाणीला झालं नाही. मान खाली घालून ती चोळून घेत राहिली.